प्रायोजित संशोधन करार: कंपनीच्या मसुद्यातील कोणत्या कलमांवर ठाम राहावे आणि कोठे सोडावे?

पटलरसायन यांचा प्रश्न

मी एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते आणि माझा गट पाणी गाळण्याच्या पॉलिमर पटलांवर काम करतो. एका कंपनीने आम्हाला दोन वर्षांचा प्रकल्प देऊ केला आहे. त्यांनी तयार केलेला लेप आमच्या पटलांवर चढवायचा आणि त्यामुळे पटलावर सूक्ष्मजीवांचा थर साचण्याचे प्रमाण किती घटते हे मोजायचे, असे कामाचे स्वरूप आहे. विषय मला मनापासून आवडला आहे आणि कंपनीच्या शास्त्रज्ञांशी झालेली बोलणीही चांगली झाली. अडचण आहे ती कंपनीच्या विधी विभागाकडून आलेल्या मसुद्याची.

त्यातील पहिले खटकणारे कलम असे आहे: "प्रकल्पातून निघणारे कोणतेही निष्कर्ष प्रायोजकाच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाहीत." दुसरे कलम याहून व्यापक आहे: "प्रकल्पाशी किंवा प्रायोजकाच्या व्यवसायक्षेत्राशी संबंधित सर्व शोध, माहिती आणि सुधारणा प्रायोजकाच्या मालकीच्या राहतील." तिसरे पैशांविषयी आहे. एकूण रकमेपैकी 40 टक्के रक्कम अंतिम अहवाल कंपनीला "समाधानकारक" वाटल्यानंतरच मिळणार आहे. शिवाय गोपनीयतेला काळाची मर्यादाच घातलेली नाही.

याच पटलांवर माझा सरकारी अनुदानातून चाललेला आणखी एक प्रकल्प आहे. त्याचा प्रश्न वेगळा असला तरी पटले, उपकरणे आणि काही प्रमाणात माणसेही तीच आहेत. कंपनीच्या प्रकल्पावर माझी एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी काम करणार आहे. विद्यापीठाच्या प्रायोजित संशोधन कक्षाकडे मसुदा पाठवला तेव्हा "आपल्याला काय चालेल ते कळवा, मग आम्ही कंपनीशी बोलू" असे उत्तर आले. नेमके काय चालवून घ्यायचे हेच मला कळत नाही. शिवाय कंपनीच्या शास्त्रज्ञांशी मी थेट बोलावे की सर्व काही कक्षावर सोपवावे, याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.

मसुदेकार यांचे उत्तर

मॅडम, मी बरीच वर्षे अशाच एका कक्षात करारांचे मसुदे तपासण्याचे काम केले आहे. आपल्या कक्षाने चेंडू आपल्याकडे टोलवला असे आपल्याला वाटले असेल, पण त्यांचा प्रश्न रास्त आहे. करारात कायदेशीर पक्ष विद्यापीठ असते आणि सही अधिकृत अधिकाऱ्याची असते. प्रमुख संशोधक म्हणून आपण फार तर "वाचले, जबाबदाऱ्या समजल्या" एवढ्यासाठी सही करता. तरीही करारातला एक भाग असा असतो की तो आपल्यावाचून कोणालाही लिहिता येत नाही आणि बाकीची कलमे त्याच्याच आधारावर उभी असतात. तो म्हणजे कामाच्या स्वरूपाचे परिशिष्ट. बहुतेक प्राध्यापक ते अनुदानाच्या प्रस्तावातून उचलून घाईघाईने चिकटवतात आणि मग मालकीच्या कलमावर महिनोन्महिने वाद घालत बसतात.

"पटलांवरील जैविक थर कमी करण्याविषयी संशोधन" असे परिशिष्टात लिहिले, तर आपल्या प्रयोगशाळेत दोन वर्षांत होणारे जवळजवळ सगळे काम "प्रकल्प" या शब्दाखाली येईल आणि सरकारी अनुदानातले कामही त्यात ओढले जाईल. त्याऐवजी "प्रायोजकाने पुरवलेला अमुक लेप, प्रमुख संशोधकाच्या प्रयोगशाळेत आधीपासून तयार होणाऱ्या तीन प्रकारच्या पटलांवर चढवणे आणि ठरावीक दाब व प्रवाह राखून थर साचण्याचे मापन करणे" असे लिहिले, तर मालकीचे कलम कितीही खेचले तरी त्याची पोहोच एवढ्यापुरतीच राहते. काय करणार नाही हेही एका वाक्यात लिहावे. उदाहरणार्थ, "पटलांच्या मूळ पॉलिमरची रचना बदलण्याचे काम या प्रकल्पात अंतर्भूत नाही."

आता दुसरे कलम. "संबंधित" आणि "व्यवसायक्षेत्र" हे दोन शब्द काढून टाकण्याचा आग्रह धरावा, कारण त्यांना सीमा नाही. कंपनीने उद्या नवा व्यवसाय सुरू केला तर आपले वेगळेच काम त्यात अडकेल. त्या जागी "प्रकल्पाच्या कालावधीत, परिशिष्टातील काम करताना कल्पिलेला आणि प्रत्यक्षात उतरवलेला शोध" अशी व्याख्या सुचवावी. येथे "आणि" ऐवजी "किंवा" आले तर, सरकारी प्रकल्पात पूर्वीच सुचलेली पण या प्रकल्पात पहिल्यांदा चाचणी झालेली कल्पनाही कंपनीच्या पदरात जाऊ शकते. सरकारी पैशाला बहुधा स्वतःच्या अटी असतात. अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्यानुसार केंद्रीय निधीतून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येते, पण सरकारकडे त्याचा अनन्य नसलेला (म्हणजे इतरांनाही देता येणारा), विनामूल्य परवाना कायम राहतो. म्हणजे दोन्हीकडचा पैसा एकाच शोधात मिसळला, तर कंपनीला "संपूर्ण आणि निर्वेध हक्क" देण्याचे वचन विद्यापीठ पाळूच शकत नाही. म्हणून प्रयोगवह्या वेगळ्या ठेवाव्यात, खर्चाची खाती वेगळी ठेवावीत आणि कोणत्या दिवशी कोणत्या प्रकल्पाचे काम झाले हे वहीतच लिहावे. कंटाळवाणे काम आहे, पण वाद उद्भवला की पुरावा म्हणून दुसरे काही हाती नसते.

आपल्याकडे आधीपासून असलेली बौद्धिक संपदा, म्हणजे पटले बनवण्याच्या पद्धती, अप्रकाशित माहिती आणि विश्लेषणाची संगणकीय साधने, यांची यादी करून ती कराराला जोडावी. या यादीवर कंपनीला आपोआप कोणताही हक्क मिळत नाही, असे स्पष्ट वाक्यही असावे. यादी पूर्ण नसली तरी ती असणे नसण्यापेक्षा बरे. मात्र "यादीत नसलेले ते सर्व प्रकल्पातील" असा अर्थ निघू नये, एवढे पाहावे.

प्रसिद्धीच्या कलमावर मात्र मी तडजोड सुचवणार नाही. एक जुने प्रकरण या क्षेत्रातील सर्वांना ठाऊक आहे. थायरॉइडच्या एका महागड्या ब्रँडच्या औषधाची तुलना स्वस्त पर्यायांशी करण्यासाठी एका औषध कंपनीने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांना निधी दिला. करारात आपल्या मसुद्यातल्यासारखीच लेखी संमतीची अट होती. स्वस्त औषधे तितकीच परिणामकारक असल्याचा निष्कर्ष निघाला. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने निबंध स्वीकारला होता, पण कंपनीने त्या अटीकडे बोट दाखवले आणि जानेवारी 1995 मध्ये तो मागे घ्यावा लागला. अखेर तो एप्रिल 1997 मध्ये छापला गेला. सही करताना त्या संशोधकांनाही कंपनीशी असलेले संबंध चांगलेच वाटत असणार.

म्हणून "संमती" हा शब्द करारात नको. "अवलोकन" चालेल. प्रसिद्धीपूर्वी 30 दिवस मसुदा कंपनीला दाखवायचा, कंपनीने स्वतः दिलेली गोपनीय माहिती आढळल्यास ती वगळायची आणि पेटंटचा अर्ज करायचा असल्यास आणखी 60 दिवसांपर्यंत थांबायचे, हा सर्वसाधारण प्रघात आहे. मुदतीत उत्तर आले नाही तर प्रसिद्धीस हरकत नाही असे गृहीत धरले जाईल, हे वाक्य आवर्जून घालावे, कारण ते नसेल तर मौन बाळगणारी कंपनी नकार देणाऱ्या कंपनीइतकीच अडवणूक करू शकते. आणि आपले निष्कर्ष हे "प्रायोजकाची गोपनीय माहिती" या व्याख्येत येत नाहीत, हेही लिहून घ्यावे. पुष्कळदा प्रसिद्धीचे कलम निर्दोष असते आणि निष्कर्षांची कोंडी गोपनीयतेच्या व्याख्येतून होते. गोपनीयतेला तीन ते पाच वर्षांची मुदत घालावी, आणि तोंडी सांगितलेली माहिती 30 दिवसांत लेखी कळवली तरच ती गोपनीय मानली जाईल अशी अट घालावी.

याच्याशी निगडित एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील निर्यात नियंत्रणाच्या, म्हणजे संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी हाती जाण्यावर बंधन घालणाऱ्या, नियमांत मूलभूत संशोधनाला सूट आहे आणि तिचा धोरणात्मक आधार 1985 च्या राष्ट्रीय सुरक्षा निर्देशात आहे. निष्कर्ष खुलेपणाने प्रसिद्ध करण्याची मोकळीक हा त्या सुटीचा पाया आहे. प्रायोजकाच्या मंजुरीची अट मान्य केली की सूट जाण्याची शक्यता असते आणि मग प्रयोगशाळेत कोणत्या देशाचा विद्यार्थी काय हाताळतो, यावरही बंधने येऊ शकतात. आपला देश कोणता हे आपण लिहिलेले नाही, पण तिकडच्या कंपनीशी किंवा सहकाऱ्यांशी संबंध येणार असेल तर हे कक्षाला विचारून घ्यावे.

उद्योगाकडून यांचे उत्तर

मी कंपनीच्या बाजूने विद्यापीठांशी असे करार केले आहेत, म्हणून टेबलाच्या पलीकडून काही सांगतो.

मॅडम, आपल्या मसुद्यात मला फारसा कावा दिसत नाही. तो बहुधा चाचणी प्रयोगशाळेकडून सेवा विकत घेण्याचा नमुना आहे आणि कोणी तरी त्यातली नावे बदलून तो आपल्याकडे पाठवला आहे. "समाधानकारक अहवाल", "सर्व सुधारणा प्रायोजकाच्या" ही तिथलीच भाषा आहे. नमुने पाठवून ठरलेली चाचणी करून घ्यायची असेल तेव्हा ती भाषा योग्यही असते, कारण तिथे नवे ज्ञान निर्माण होणे अपेक्षित नसते. आपल्या कक्षाने कंपनीला सर्वांत आधी "हा सेवा करार नसून संशोधन करार आहे" एवढेच लिहावे. वकिलांनाही नमुना बदलणे हे कलमागणिक भांडण्यापेक्षा सोपे जाते.

कंपनीला आतून तीन गोष्टींची धास्ती असते. लेपाचे घटक बाहेर फुटतील, प्रतिस्पर्ध्याला तुमच्याकडून परवाना मिळेल आणि पैसे दिल्यानंतरही हक्कांसाठी पुन्हा मनमानी किंमत मोजावी लागेल. मालकी मागणे हा या तिन्हींवरचा ढोबळ उपाय आहे. त्याऐवजी कंपनीला प्रकल्पातील निष्कर्ष अंतर्गत वापरासाठी विनामूल्य, अनन्य नसलेल्या परवान्याने द्यावेत आणि प्रत्येक शोध कळवल्यापासून सहा महिने अनन्य परवान्याची बोलणी करण्याचा पहिला हक्क द्यावा. अशा रचनेवर करार झालेले मी पाहिले आहेत. त्या सहा महिन्यांत पेटंटचा खर्च कंपनीने करावा, हेही सहसा मान्य होते.

लेपातील सुधारणांचे हक्क मात्र कंपनीला बिनशर्त देऊन टाका, असे मी म्हणेन. लेप त्यांचा आहे, तुम्ही तो बनवणार नाही आणि त्या लेपावाचून ती सुधारणा तुमच्या कामाचीही नाही. पटलातील सुधारणा विद्यापीठाच्या ठेवा. अशी विषयानुसार वाटणी केली की दोन्ही विधी विभागांचे समाधान होते. दोहोंच्या संयोगातून झालेल्या शोधावर "संयुक्त मालकी" असे सहज लिहून टाकण्याचा मोह मात्र आवरा. ते ऐकायला न्याय्य वाटते, पण नियम देशागणिक उलटे आहेत. अमेरिकेत प्रत्येक सहमालकाला दुसऱ्याला न विचारता आणि हिशोब न देता पेटंट वापरता येते आणि त्याचा परवानाही देता येतो, तर ब्रिटनमध्ये परवाना देण्यासाठी इतर सहमालकांची संमती लागते. म्हणजे करारात काहीच लिहिले नाही तर एका ठिकाणी दुसरा पक्ष तुमच्या नाकावर टिच्चून परवाने वाटेल आणि दुसऱ्या ठिकाणी दोघेही अडकून पडतील.

कंपनी अडून बसली तर तयार नमुन्यांचा आधार घ्या. ब्रिटनमध्ये 2005 पासून लॅम्बर्ट संच या नावाने ओळखले जाणारे नमुना करार उपलब्ध आहेत. विद्यापीठाकडे मालकी आणि प्रायोजकाकडे साधा परवाना इथपासून ते प्रायोजकाकडे मालकी इथपर्यंतच्या पायऱ्या त्यांत वेगवेगळ्या करारांच्या रूपाने मांडलेल्या आहेत. ते कोणावर बंधनकारक नाहीत, पण "आम्ही दुसरी पायरी मागत आहोत, तुम्ही चौथी" असे म्हणता आले की चर्चेतला ताण उतरतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने 2011 मध्ये वेगळाच तोडगा काढला. करार करतानाच प्रकल्पखर्चाच्या 10 टक्के किंवा 15,000 डॉलर, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती, भरली की त्या प्रकल्पातून निघणाऱ्या शोधांचा अनन्य परवाना प्रायोजकाला मिळतो. कंपनीला किंमत आधी कळते आणि तिसरी धास्ती तिथेच संपते.

शास्त्रज्ञांशी थेट बोलण्याबाबत विचारलेत. जरूर बोला. परिशिष्ट, वेळापत्रक आणि लेपाविषयी नेमके काय गुप्त ठेवायचे आहे, हे त्यांच्याशीच ठरते. आमच्याकडे विधी विभागाला ढिलाई देण्याचा निर्णय शेवटी तांत्रिक प्रमुखच घेत असत. कलमांच्या शब्दांविषयी मात्र ई-मेलवर होकार देऊ नका. "तुमच्या प्राध्यापिकेने तर हे मान्यच केले आहे" हे वाक्य मी स्वतः विद्यापीठांच्या तोंडावर फेकलेले आहे आणि ते दर वेळी चालले.

पेटंटवाला यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे. एका बाबतीत मात्र माझा आग्रह वेगळा आहे. लेपातील सुधारणा कंपनीला देताना "बिनशर्त" देऊ नयेत. विद्यापीठाला अध्यापन आणि संशोधनासाठी त्या वापरण्याचा कायमचा हक्क राखून ठेवावा, नाहीतर आपल्याच प्रयोगशाळेत आपलाच प्रयोग पुन्हा करण्यासाठी परवानगी मागावी लागेल. विद्यापीठातील संशोधन पेटंटच्या कक्षेबाहेर असते असा समज सार्वत्रिक आहे, पण तो सर्वत्र खरा नाही. ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने 2002 मध्ये ही सूट अत्यंत अरुंद ठरवली, कारण संशोधन करणे, विद्यार्थी आणि निधी मिळवणे हेच विद्यापीठाचे कामकाज आहे, असे त्याचे म्हणणे होते. युरोपातील अनेक देशांत प्रायोगिक वापराला कायद्यातच सूट आहे. करार कोणत्या देशाच्या कायद्यानुसार चालणार हे कलम शेवटच्या पानावर असते आणि कोणी वाचत नाही, पण अशा प्रश्नांमुळे ते महत्त्वाचे ठरते. सार्वजनिक विद्यापीठांना परदेशी कायदा मान्य करण्याची मुभा पुष्कळदा नसते. तोडगा निघत नसेल तर दोन्ही बाजूंनी याविषयी मौन पत्करल्याचे करारही पाहायला मिळतात.

दुसरा धोका मूळ कराराच्या बाहेरचा आहे. आपली विद्यार्थिनी कंपनीच्या प्रयोगशाळेत लेप चढवण्याची पद्धत शिकायला जाईल आणि तिथे स्वागतकक्षात तिच्यापुढे अभ्यागतांचा एक छापील कागद ठेवला जाईल. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधकाच्या बाबतीत हेच घडले. विद्यापीठात रुजू होताना त्याने भविष्यातील शोध विद्यापीठाला "देण्याचे मान्य करतो" असे लिहून दिले होते. नंतर सीटस या कंपनीत काम शिकायला गेला असता त्याने "याद्वारे देत आहे" अशा शब्दांच्या कागदावर सही केली. पहिले केवळ वचन ठरले आणि दुसरे प्रत्यक्ष हस्तांतर. पुढे सीटसचे ते हक्क रोश या औषध कंपनीकडे गेले. एचआयव्ही मोजण्याच्या पद्धतीवरील पेटंटचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि 2011 मध्ये स्टॅनफर्ड हरले. संशोधनाला केंद्रीय निधी होता म्हणून मालकी आपोआप विद्यापीठाकडे जात नाही, शोधावर पहिला हक्क शोधकाचा असतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तेव्हा मूळ करारातच असे वाक्य घालावे की विद्यापीठाच्या माणसांनी कंपनीच्या आवारात सही केलेल्या कोणत्याही कागदातील बौद्धिक संपदेविषयीच्या अटींपेक्षा हा करार वरचढ राहील. आणि विद्यार्थिनीला सांगून ठेवावे की कागद मोबाइलवर टिपून कक्षाला पाठवल्याशिवाय सही करायची नाही.

प्रसिद्धीच्या मुदतीविषयी एक जोड. अमेरिकेत शोधकाने स्वतः माहिती उघड केल्यानंतर अर्ज करायला एक वर्षाची सवलत मिळते. युरोपीय पेटंटसाठी अशी सर्वसाधारण सवलत नाही. परिषदेतील भित्तिपत्रक, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध आणि खुल्या व्याख्यानातील एक पारदर्शिकाही पेटंटसाठी लागणारे नावीन्य घालवू शकते. म्हणून 30 दिवसांची पूर्वसूचना केवळ निबंधांना नव्हे, तर परिषदेच्या सारांशांनाही लागू असते. सारांश पाठवण्याची तारीख सहसा अचानक समोर येते, तेव्हा त्यांच्यासाठी 10 किंवा 15 दिवसांची छोटी मुदत वेगळी मागून घ्यावी.

पटलरसायन

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. परिशिष्ट नव्याने लिहायला घेतले आहे आणि "हा सेवा करार नाही" हे पत्र कक्षाकडून आजच गेले. दोन गोष्टी अजून उरल्या आहेत. विद्यार्थिनीच्या प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण या कामावर असणार आहे, मग तिचे हित कसे जपायचे? आणि पैशांच्या कलमात किती ताणायचे? कंपनीने खर्चाच्या तपशिलातील विद्यापीठाच्या ओव्हरहेडवरही (अप्रत्यक्ष खर्चापोटीच्या आकारावरही) बोट ठेवले असून तो कमी केल्यास आणखी एक उपकरण देण्याची तयारी दाखवली आहे.

जुना मार्गदर्शक यांचे उत्तर

विद्यार्थिनीपासून सुरुवात करतो, कारण करार मोडला तर कंपनीचे थोडे पैसे जातात आणि आपला एखादा निबंध जातो, पण तिची वर्षे जातात.

करारात स्वतंत्र वाक्य हवे की या करारातील कोणत्याही तरतुदीमुळे प्रबंध सादर करणे, त्याचे परीक्षण आणि मौखिक परीक्षा यांना विलंब होणार नाही. पेटंटसाठी थांबणे अपरिहार्य झाले तर प्रबंध ग्रंथालयात काही काळ बंद ठेवता येतो आणि परीक्षकांकडून गोपनीयतेचे हमीपत्र घेता येते. पदवी मात्र वेळेवर मिळाली पाहिजे. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थी हा कर्मचारी नसतो, त्यामुळे त्याच्या शोधावरील हक्क विद्यापीठाकडे आपोआप येत नाहीत. विद्यापीठ कंपनीला जे देण्याचे कबूल करते ते विद्यार्थिनीकडून आधी लेखी घेतलेले असावे लागते. ती सही घेताना आपण तिच्या मार्गदर्शक आहात, म्हणजे नकार देणे तिला जड जाणार, हे लक्षात घेऊन कक्षातील दुसऱ्या कोणाला तरी तिला कराराचा अर्थ समजावून सांगू द्यावा आणि विचार करायला वेळ द्यावा. प्रबंधाची सगळी प्रकरणे या प्रकल्पावर बेतलेली नाहीत ही चांगली गोष्ट आहे, ती तशीच राहू द्यावी.

प्रकल्प मध्येच बंद पडण्याची शक्यताही तिच्याच दृष्टीने तपासावी. कंपनीचे धोरण बदलते, विभाग विकला जातो आणि 30 दिवसांची नोटीस येते. करार संपुष्टात आणण्यासाठी निदान 60 दिवसांची पूर्वसूचना मागावी आणि नोटिशीपूर्वी पत्करलेल्या, रद्द न करता येणाऱ्या खर्चाची भरपाई कंपनी करील असे लिहून घ्यावे. या खर्चात विद्यार्थिनीची चालू सत्राअखेरपर्यंतची विद्यावृत्ती नावानिशी समाविष्ट करावी. "सर्व वाजवी खर्च" एवढ्यावर विसंबू नये.

"समाधानकारक" हा शब्द पैशांच्या कलमातून गेलाच पाहिजे. संशोधनात लेप निरुपयोगी ठरणे हाही निष्कर्षच आहे, पण तो कंपनीला समाधानकारक वाटण्याचे कारण नाही. रक्कम अहवाल सादर होण्याशी जोडावी, तो आवडण्याशी नको. एकूण रकमेचा पहिला हप्ता सही होताच, पुढचे हप्ते ठरावीक तारखांना आणि शेवटचा लहानसा, 10 टक्क्यांच्या आसपासचा, अंतिम अहवालानंतर, अशी मांडणी साधारणपणे मान्य होते. याच न्यायाने विद्यापीठ "वाजवी प्रयत्न" करील एवढेच वचन द्यावे, विशिष्ट फळाची हमी देऊ नये. निष्कर्ष वापरून कंपनीने बाजारात आणलेल्या वस्तूमुळे कोणाचे नुकसान झाले, तर त्याची जबाबदारी कंपनीने घ्यावी. हे कलम कक्ष स्वतःच पाहील, आपण त्यात वेळ घालवू नका.

ओव्हरहेडवर आपण काहीही कबूल करू नये. वीज, इमारत, हिशोब तपासनीस, सुरक्षा समिती, हा खर्च होतच असतो आणि कंपनीने दिला नाही तर तो विद्यापीठाच्या दुसऱ्या कोणत्या तरी निधीतून जातो. तो कमी करण्याचा अधिकारही बहुधा आपला नसतो. उपकरणाचे आमिष असेल तर प्रकल्प संपल्यावर त्याची मालकी कोणाची, देखभालीचा खर्च कोणाचा आणि ते सरकारी प्रकल्पासाठी वापरता येईल का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. कंपनीच्या मालकीचे उपकरण आपल्या दुसऱ्या कामात वापरले, तर त्या कामावर हक्क सांगायला आणखी एक निमित्त मिळते.

पटलरसायन

उपकरणाचा तो शेवटचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. एक शेवटची शंका. कंपनीचे शास्त्रज्ञ म्हणतात की कागदपत्रे होत राहतील, लेपाचे नमुने पुढच्या आठवड्यात पाठवतो, कामाला लागा. पटले तयारच आहेत. सुरुवात करावी का?

मसुदेकार

नमुने स्वीकारू नयेत, मॅडम. नमुन्यांच्या खोक्याबरोबर बहुधा साहित्य हस्तांतराचा एक कागद येतो आणि "या साहित्याच्या वापरातून निघालेले सर्व निष्कर्ष पुरवठादाराचे" असे त्यात लिहिलेले असू शकते. खोके उघडून काम सुरू करणे ही त्या अटींना संमती मानली जाऊ शकते, आणि मग मुख्य करारात मिळवलेले सगळे या एका पानाने हातचे जाईल. शिवाय सहीपूर्वी झालेले काम कराराच्या कालावधीत बसत नाही, म्हणून त्याचा खर्च मिळत नाही आणि त्यातील शोध कोणाचा याला उत्तरही नसते.

खरोखरच घाई असेल तर कक्षाला दोन गोष्टी करता येतील. तूर्त फक्त गोपनीयतेचा छोटा करार करून लेपाची तांत्रिक माहिती मागवता येईल, म्हणजे परिशिष्ट अचूक लिहिता येईल. किंवा मुख्य कराराच्या प्रभावाची तारीख मागची ठेवण्यास कंपनीची लेखी संमती आणि तोवरच्या खर्चाची हमी, दोन्ही एकाच पत्रात घेता येतील. शास्त्रज्ञांना मात्र आजच कळवा की पटले तयार आहेत, सहीची वाट पाहत आहोत. तेच कंपनीच्या विधी विभागाच्या मागे लागतील, आणि आपल्या कक्षाच्या स्मरणपत्रांपेक्षा त्याचा परिणाम लवकर होतो.